चार हजारांची व्हॅन

मी एक व्हॅन बोलतेय. पांढरी, म्हणजे एकेकाळी पांढरी होते. सध्या एसेक्समधल्या एका काटेरी तारांच्या आवारात उभी आहे आणि माझ्या काचेवर लिलावाचा ११२ हा आकडा चिकटवलाय. डाव्या हाताला एका न्हाव्याची मोटार आहे, उजव्या हाताला लग्नात भाड्याने जाणारी लांबलचक काळी गाडी. आम्ही तिघीही दंडापायी इथे आलो. तिघींचेही मालक म्हणतात, पत्रं मिळालीच नाहीत. माझा मालक खरं बोलतोय, पण इथे सगळेच तसं म्हणतात, त्यामुळे खऱ्याची किंमत शून्य झाली आहे.

माझा जन्म दक्षिण किनाऱ्यावरच्या एका कारखान्यातला. पहिली नऊ वर्षं मी एका गालिचेवाल्या कंपनीत काढली. कंपनीच्या गाडीला मालक नसतो, नुसते ड्रायव्हर असतात. त्यांनी माझ्या डॅशबोर्डवर पाय ठेवले, सीटखाली सँडविचचे कागद कोंबले, आणि एकानेही मला कधी नावाने हाक मारली नाही. शिवीसुद्धा दिली नाही. मग मला विकायला काढलं आणि क्लाइव्ह थरगुडने विकत घेतलं.

क्लाइव्हने मला शिव्या दिल्या. पहिल्या दिवसापासून. खटारा, डबडं, म्हातारी घोरपड. सकाळी मी दोनदा खोकल्याशिवाय सुरू होत नसे, आणि दर खोकल्याला एक नवी शिवी ठरलेली. पण त्यानेच माझ्या कुशीला खिडकी पाडली, आत पत्र्याचा काउंटर बसवला, बर्फाचे खण केले, बाहेरून निळ्या रंगात आपलं आडनाव रंगवून घेतलं. त्याची बायको पॉलीन म्हणायची, "हळू बोल, तिला ऐकू जातं." तो म्हणायचा, "ऐकू जायलाच हवं."

आमचा धंदा तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा. पहाटे ली गावच्या खाडीकाठी जायचं, शेडमधून उकडलेल्या तिसऱ्या, कोळंबी, खेकडे उचलायचे आणि नदीपलीकडे केंटमध्ये ग्रेव्हझेंडच्या एका पबसमोर रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. शुक्रवारी आणि रविवारी. तिकडची जुनी माणसं रविवारच्या चहाला अजून तिसऱ्या आणि कोळंबी खातात. वजनावर नाही, पाइंटाच्या मापाने घेतात आणि वर व्हिनेगर, पांढरी मिरी. पॉलीन माप भरायची, क्लाइव्ह बडबड करायचा. माप ती शिगोशीग भरी आणि वर चार दाणे टाकी. त्यावरून दोघांची दर खेपेला भांडणं होत.

जाताना आम्ही पुलावरून जायचो, येताना नदीखालच्या बोगद्यातून. सुरुवातीला तिथे टोलच्या खोल्या होत्या आणि खोल्यांत माणसं होती. क्लाइव्ह हात बाहेर काढून नाणी द्यायचा. आतला माणूस विचारायचा, "आज खेकडा आहे का?" मग एका वर्षी त्या खोल्या पाडल्या. अडसर गेला, माणूस गेला, खांबांवर कॅमेरे आले. आता कोणी थांबवत नाही, कोणी हात पुढे करत नाही. तुम्ही सरळ जायचं आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत आपण होऊन पैसे भरायचे. एका फेरीचे तीन पौंड. जो थांबवत नाही तोच पुढे जास्त वसूल करतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

हे भरण्याचं काम पॉलीनचं. घरी आल्यावर बूट काढायच्या आधी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोनवरून भरून टाकायची. क्लाइव्हने कधी विचारलं नाही की पैसे जातात कसे. घरातला बटाटा जसा आपोआप सोललेला असतो, तसाच त्याच्या मते टोलही आपोआप भरला जात होता.

मग पॉलीनचे गुडघे गेले आणि त्यांनी जिन्याचं घर सोडून ग्रेज या आपल्याच गावात तळमजल्यावर फ्लॅट घेतला. क्लाइव्ह नीटनेटका माणूस. त्याने यादी केली आणि बँकेला, डॉक्टरला, विजेच्या कंपनीला, दूधवाल्यालासुद्धा नवा पत्ता कळवला. आपल्या लायसन्सवरचा पत्ताही बदलला. माझं नोंदणीपुस्तक हातात घेतलं आणि परत खणात ठेवलं. "एकाच ऑफिसचं आहे," तो पॉलीनला म्हणाला. "लायसन्सवर बदललं म्हणजे यांना कळलंच की. दोनदा कशाला लिहायचं?"

तसं कळत नाही. ऑफिस एकच असलं तरी त्यांना ते कळत नाही. माणसाचा पत्ता वेगळा लिहायचा, गाडीचा वेगळा. माझ्या पुस्तकात मी जुन्याच घरी राहत होते.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी माझ्या खिडकीशी उभी असताना पॉलीनच्या हातातून माप पडलं. ते उचलायला ती हात पुढे करू गेली आणि तो हललाच नाही. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. तिला तिथल्याच, म्हणजे नदीपलीकडच्या हॉस्पिटलात नेलं.

एकोणीस दिवस ती तिथे होती आणि एकोणीस दिवस आम्ही रोज तिच्याकडे गेलो. पुलावरून जायचं, बोगद्यातून यायचं. त्या एकोणीस दिवसांत त्याने मला एकही शिवी दिली नाही, आणि मला ते अजिबात बरं वाटलं नाही. येताना बोगद्यात तो कधी कधी रडायचा. वर खांबावरचे कॅमेरे आमचा नंबर टिपून घ्यायचे. बायकोला भेटायला जाणारा नवरा त्यात दिसत नाही, फक्त नंबर दिसतो.

पॉलीन घरी आली. डावा हात अधू राहिला, बोलणं सावकाश झालं, पण डोकं शाबूत. महिन्याभराने धंदा पुन्हा सुरू झाला आणि ती उजव्या हाताने पुन्हा टोल भरू लागली. तिला वाटलं, मधले पैसे क्लाइव्हने भरले असतील. त्याला वाटलं, ते आपोआपच जातात. एका टेबलाशी समोरासमोर बसून चहा पिणाऱ्या या दोन माणसांनी ही एक गोष्ट एकमेकांना कधी विचारली नाही. एवढी वर्षं संसार केला की विचारायचं राहूनच जातं.

पुढच्या उन्हाळ्यातला रविवार. ग्रेव्हझेंडचा तोच पब, समोर आठ-दहा जणांची रांग. पॉलीन आता येत नव्हती, क्लाइव्ह एकटाच माप भरत होता. रांगेत सर्वात पुढे विल्फ, नदीवर जहाजं ओढणारी टग बोट चालवून निवृत्त झालेला म्हातारा.

"आज ढकलत आणलीस का रे हिला?" विल्फने विचारलं.

"तुला आणलं कोणी ते सांग आधी," क्लाइव्ह म्हणाला. "पाइंट की अर्धा?"

"अर्धा. आणि पॉलीन भरायची तसा भर, तुझ्यासारखा नको."

विल्फच्या मागे काळं जाकीट घातलेला एक माणूस शांतपणे उभा होता. छातीवर छोटा कॅमेरा, गळ्यात ओळखपत्र. त्याचा नंबर आला.

"बोला, तुम्हाला काय देऊ?"

"गाडीची चावी," तो म्हणाला. "मी ट्रँटर. बेलिफ. तुम्हीच मिस्टर थरगुड ना?"

कोपऱ्यावर त्याची गाडी उभी होती आणि तिच्या छपरावरही कॅमेरे होते. रस्त्याने जाता जाता तिनेच मला ओळखलं होतं. एका गाडीने दुसरीला पकडून द्यावं, याची मला फार लाज वाटली.

ट्रँटरने कागद काउंटरवर ठेवले. अडतीस फेऱ्या. दर फेरीमागे तीन पौंडांचे झाले सत्तर, सत्तरचे एकशे पाच, त्यावर कोर्टाचा खर्च, त्यावर बेलिफाची फी. एकूण सहा हजार चारशे.

"अहो, मी आयुष्यात कुणाची पेनी बुडवली नाही," क्लाइव्ह म्हणाला. "एक पत्र नाही आलं मला."

"आलीत. जुन्या घरी. मी तिथे जाऊन आलो. तिथे आता राहतात त्या बाई म्हणाल्या, दारामागच्या रेडिएटरवर ढीग साठला होता, शेवटी टाकून दिला."

"मग मला एक फोन नाही करायचा कुणी?"

"गाडीचा जो पत्ता नोंदलेला, तोच आमचा पत्ता. आज पूर्ण रक्कम भरता का?"

"रविवारी? सहा हजार? तिसऱ्या विकून?"

रांगेत कोणी हसलं नाही. ट्रँटरच्या सोबत्याने तोवर माझ्या पुढच्या चाकाला पिवळं लोखंड अडकवलं होतं. ट्रँटर वाईट माणूस नव्हता. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. तो फक्त एकेक रकाना भरत होता.

"गाडी धंद्याची?"

"दिसत नाही का?"

"किंमत किती धरू?"

तेवढ्यात विल्फ मागून म्हणाला, "पन्नास पौंड. तेही तिसऱ्यांसकट." त्याला वातावरण हलकं करायचं होतं, बिचाऱ्याला. सगळे हसले.

क्लाइव्हचा चेहरा लालबुंद झाला. रोजची गिऱ्हाइकं बघताहेत, चाकाला लोखंड लागलंय, बुडव्या म्हणून नाव होतंय, आणि वर आपली गाडी पन्नास पौंडांची ठरतेय. त्याने माझ्या पत्र्यावर हात ठेवला.

"चार हजार," तो म्हणाला. "चार हजार लिहा. परवाच एक जण मागत होता, मी दिली नाही. इंजीन बघा हिचं. असली गाडी केंटमध्ये दुसरी नाही."

ट्रँटरचं पेन थांबलं. "चार हजार. नक्की ना?"

"ऐकू येत नाही का तुम्हाला?"

त्याने लिहिलं. क्लाइव्हने खाली सही केली.

आता माझं पाप सांगते. मला अतिशय आनंद झाला. अकरा वर्षं खटारा ऐकलेल्या मला चार माणसांसमोर मालकाने चार हजारांची म्हटलं. कोणी मागायला आलं नव्हतं, तो धडधडीत खोटं बोलला, माझ्यासाठी बोलला. मी फुगून गेले. दोन तासांनी मला ओढून नेणारा ट्रक आला तोवर मी त्याच तोऱ्यात उभी होते. क्लाइव्ह तेवढ्या वेळात उरलेल्या तिसऱ्या फुकट वाटत होता. विल्फने काउंटरवर नोट ठेवली, क्लाइव्हने ती त्याच्या खिशात परत कोंबली. मग तो बसने घरी गेला. पॉलीनला त्याने काय सांगितलं, मला माहीत नाही.

पाच आठवड्यांनी तो इथे आला. आतल्या वस्तू न्यायची परवानगी मिळाली होती. त्याने मापं काढली, व्हिनेगरच्या बाटल्या काढल्या. लिलावाचा एक पोरगेलासा कारकून शेजारी उभा राहून माझी तपासणी करत होता, आणि क्लाइव्ह त्याला सांगत होता. विचारलं नव्हतं, तरी सांगत होता.

"गाडी नेल्यावर दुसऱ्या मंगळवारी मोफत सल्ला देणाऱ्या बाईंकडे गेलो. त्या मंगळवारीच बसतात. त्या म्हणाल्या, धंद्याची गाडी साडेतेराशेच्या आतली असेल तर बेलिफाला नेताच येत नाही. सात दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यायची. माझा नववा दिवस होता. आणि त्या म्हणाल्या, शिवाय तुम्हीच चार हजार लिहून सही केलीय."

"हं," कारकून म्हणाला आणि माझ्या खाली वाकला.

"पत्र मिळालं नाही, असा अर्जही त्यांनी पाठवून दिला. तो फेटाळला. पत्ता कळवणं मालकाचं काम होतं म्हणे. ते खरंच आहे." त्याने एका बाटलीचं झाकण घट्ट केलं. "आता रात्रपाळीला गोदामात लागलोय. पॉलीन एकटीच असते. तिला वाटतं, तिच्यामुळे झालं. मला वाटतं, माझ्यामुळे. रोज त्यावरच जेवण थंड होतं."

कारकून उठला, हात पुसले. "तळाला गंज आहे. गिअरबॉक्स शेवटच्या घटका मोजतोय. मी अंदाज नऊशे लिहितोय. तेवढे आले तरी खूप."

"नऊशे," क्लाइव्ह म्हणाला.

"फार तर साडेनऊशे. का, तुम्हाला काय वाटलं होतं?"

क्लाइव्हने मापं पिशवीत भरली. जाताना माझ्या दाराशी उभा राहिला आणि मला वाटलं, आता तरी एक शिवी देईल. दिली नाही. पिशवी घेऊन बसथांब्याकडे गेला.

उद्या दहा वाजता माझी बोली आहे. येतील ते नऊशे ओढण्याच्या आणि जागेच्या भाड्यात जातील, आणि सहा हजार चारशे क्लाइव्हच्या नावावर जवळजवळ तसेच राहतील. म्हणजे मी त्याच्या काहीच कामी आले नाही.

उद्या मला जो कोणी घेईल, त्याच्याकडे एवढंच मागणं आहे. बाबा रे, आधी माझ्या पुस्तकात तुझा पत्ता लिही. टोल कोण भरतं ते घरात एकदा तोंडाने विचार. आणि कधी कोणी हातात कागद घेऊन येऊन माझी किंमत विचारली, तर मागेपुढे पाहू नकोस. भंगार आहे म्हण. सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हण. मला मुळीच वाईट वाटणार नाही.