डाव्या भुवईवरचं झाड

मित्रांनो, मी एका गोलरक्षकाचा जुना मुखवटा. बर्फावरच्या हॉकीतला. त्या खेळात चेंडू नसतो, कडक रबराची काळी चकती असते. तिला पक म्हणतात. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. म्हणजे दगड झालेली चकती धावत्या मोटारीच्या वेगाने येते, आणि एक माणूस तिच्यासमोर मुद्दाम जाऊन उभा राहतो. त्याचं तोंड वाचवणं हे माझं काम. फायबरचं कवच, पुढे पोलादी जाळी, आत फोम. एवढाच मी. जन्म फिनलंडचा. मराठी मात्र शिकलो बहरीनमधल्या हूरा नावाच्या वस्तीत, दोन खोल्यांच्या एका घरात.

माझ्या मालकाचं नाव ऑस्मो. तो बावीस वर्षांचा होता तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेऊन मला घडवलं. त्याचं नाक जरा डावीकडे वाकलेलं, म्हणून माझीही घडण तशीच. तिकडे गोलरक्षक उसासारखे पिकतात. प्रत्येक संघात दोन, आणि खेळतो एकच. ऑस्मो दुसरा. पाच वर्षं तो बाकड्यावर बसून होता आणि मी त्याच्या मांडीवर. पगार मिळायचा, टाळ्या नाहीत.

मग पहिल्या गोलरक्षकाचा गुडघा गेला. अकरा सामने ऑस्मो सलग खेळला आणि लोकांना त्याचं नाव पाठ झालं. बाराव्या सामन्यात पक माझ्या डाव्या भुवईवर बसला. मी तडकलो. आवाज झाला, पण त्या गोंगाटात तो ऑस्मो आणि मी सोडून कुणाला ऐकू गेला नसेल. डॉक्टर धावत आला. त्याने विचारलं, नाव काय, आपण कुठे आहोत, गुण किती. ऑस्मोने गुण फलकावर वाचून सांगितले. डॉक्टरने ते पाहिलं आणि तरी मान डोलावली, कारण दुसरा गोलरक्षक नव्हता. त्या दिवशी ऑस्मोला दोन दोन पक दिसत होते आणि त्याने दोन्ही अडवले. सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने त्याला पहाड म्हटलं. पहाड रात्रभर मोरीत ओकत होता, ते कुठे छापून आलं नाही.

त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जागा गेली असती. घरी ओट्यावर बसून त्याने माझ्या आत राळ भरली, अंगठ्याने दाबली आणि वर फोम चिकटवला. बाहेरची रेघ झाकायला रंगाऱ्याकडून माझ्या कपाळावर सूचिपर्णी झाडांचं काळं रान काढून घेतलं. सगळ्यात उंच झाड बरोबर तड्यावर. लोक म्हणायचे, काय सुंदर मुखवटा आहे. मला त्या कौतुकाची किळस यायची. पण मुखवट्याला तोंड असतं ते दुसऱ्याचं.

पुढची सात वर्षं तो मलाच घालून खेळला. मुखवटा बदलला की नशीब बदलतं, असं त्या लोकांत मानतात. धुवायचा तर मुळीच नाही. हळूहळू त्याला उजेड सोसेना. शब्द अडायला लागले. संघ बदलले, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, आणि एक दिवस कुणाचाच फोन आला नाही. मला कपाटाच्या तळाशी, मोज्यांखाली जागा मिळाली.

मग बहरीनहून बोलावणं आलं. तिथल्या एका मॉलमध्ये बर्फाचं मैदान आहे. बाहेर पंचेचाळीस अंश, आत बर्फ, आणि मुलांना शिकवायला प्रशिक्षक हवा होता. ऑस्मो आला. दिवसभर काळा चष्मा घालायचा. त्या उन्हात सगळेच घालतात, म्हणून कुणी काही विचारलं नाही. सराव संपला की तो तिथल्या अरबीत "खलास", म्हणजे संपलं, असं म्हणायचा, मुलं त्याच्या उच्चाराला हसायची, आणि त्याला वाटायचं आपण बरे आहोत.

तिथला बर्फ करायचे विश्वजीत. नागपूरचे. मैदानामागच्या खोलीत मोठमोठे कॉम्प्रेसर होते, त्यांच्या घरघरीवरून कुठे काय बिघडलंय ते त्यांना कळायचं. ते एक दिवस आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी तिथे तळं. पण मुलांच्या संघाचे व्यवस्थापक सदानंद, पुण्याचे, बँकेतले, सगळ्या पालकांना 'साहेब' म्हणायचे आणि यांना नुसतं 'विश्वजीत'. विश्वजीतांची मुलगी श्रावस्ती तेरा वर्षांची. सुट्टीत बापाबरोबर यायची आणि गोलात उभं राहायला कुणी तयार नसायचं म्हणून ही उभी राहिली. दोन वर्षांत तिच्यासारखी गोलरक्षक त्या मैदानावर दुसरी नव्हती.

दुबईच्या संघाशी शुक्रवारी सामना ठरला. मंगळवारी ऑस्मोने सगळ्यांसमोर मला पिशवीतून काढलं आणि तिच्या हातात दिलं. म्हणाला, "शुक्रवारी हा घाल. यानं मला सांभाळलंय."

मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो. माझ्या आत तडा होता आणि त्याच्यामागे आता एका पोरीचं डोकं येणार होतं.

सदानंदांनी लगेच फोटो काढला. "श्रावस्ती, शुक्रवारी हाच हं. मॉलवाले फोटोग्राफर आणतायत." विश्वजीत कॉम्प्रेसरच्या खोलीच्या दारात उभे होते. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या मैदानावर सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

तर असा मी हूऱ्यातल्या त्या घरात आलो. श्रावस्तीची आई अंजना दातांच्या दवाखान्यात अवजारं निर्जंतुक करायचं काम करते. तिने मला दोन बोटांत धरलं.

"बाप्पा, काय वास हाय हा. उंदीर मेला का याच्यात?"

"आई, डोन्ट टच. गोली लोक मास्क वॉश नाही करत. इट्स बॅड लक."

"बॅड लक नाई, बॅक्टेरिया हायत. एका माणसाचा इतक्या वर्षांचा घाम तू तोंडाले लावशीन?"

"कोच पण नाही धूत."

"त्याची आई इथं असती तं तिनं धुतला असता."

त्या घराच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत. शकुन-अपशकुनाला तिथे कुणी पाणी विचारत नाही. मला मात्र पाण्यात बसवलं. दवाखान्यात अवजारं भिजवतात तसं, बादलीत कढत पाणी, त्यात औषध, आणि वर घड्याळ लावून अर्धा तास. फायबर आणि फोम काही दातांचे चिमटे नव्हेत. पण अंजनाला कोण सांगणार? तिने परत येऊन पाहिलं तर फोमचे तुकडे सायीसारखे वर तरंगत होते.

ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली. "आता काय सांगू मी त्या माणसाले," एवढंच म्हणाली.

मग सवयीने तिने मला उचललं आणि ट्यूबलाइटखाली धरलं. काम झाल्यावर प्रत्येक अवजार ती असंच पाहते. आतून नख फिरवलं. नख अडलं. भुवईपासून कानापर्यंत रेघ, तिच्यावर पिवळी पडलेली राळ आणि राळेत उमटलेला एक अंगठा. इतक्या वर्षांत मला आतून पाहणारं पहिलं माणूस ती.

विश्वजीत ड्यूटीवरून आले. त्यांनी बोटाच्या पेराने मला वाजवून पाहिलं, उजवीकडे, मग डावीकडे.

"आतून गेला हाय." त्यांनी मला टेबलावर ठेवलं. "एपॉक्सी हाय माझ्याकडं. शुक्रवारलोक पक्का होते. वरून फोम लावून देतो."

"आन् तिथंच लागला तं?"

"तिथंच कायले लागन वं?"

"आमच्याकडं फुटकं अवजार कोणाच्या तोंडात जात नाई. डॉक्टर म्हणला तरी नाई. हे तं पोरीचं डोस्कं हाय."

"अंजना, इतक्या पोरायमधून त्यानं आपल्या पोरीले देला. फुटका हाय म्हणून वापस नेऊन देऊ? काय म्हणतीन लोक? यायले देल्लं घेताबी येत नाई."

"म्हणू दे."

श्रावस्ती दारात उभी होती. "बाबा, प्लीज फिक्स करा ना. मला तोच घालायचाय." विश्वजीतांनी एपॉक्सीची ट्यूब आणून टेबलावर ठेवली. अंजनाने मला कापडी पिशवीत घातलं आणि पिशवी उशाशी घेऊन झोपली.

मित्रांनो, वाईट माणूस त्या घरात कुणी नव्हता. बापाला मान हवा होता. तो त्याला इतक्या उशिरा आणि इतका थोडा मिळाला होता की तडा गेलेलाही चालणार होता. हा राग मी त्याच्यावर काढत नाही. ज्यांनी तीन वर्षं त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यांच्यावर काढतो.

बुधवारी दवाखाना सुटल्यावर अंजना मैदानावर गेली. सदानंद तिथेच होते. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"अहो ताई, एवढं काय त्यात. फोटोपुरता घालू दे, मग बदलेल."

"फोटोपुरता तुमच्या मयुरेशले घाला."

मयुरेश म्हणजे त्यांचा मुलगा. सदानंदांनी मोबाइल बाहेर काढला आणि त्यात काहीतरी शोधू लागले.

ऑस्मो बर्फावरून कठड्याशी आला. दोघांचंही इंग्रजी मोडकं, पण अंजनाने ट्यूबलाइटखाली धरलं होतं तसंच मला त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाली, "हा फुटका आहे. मी धुतला, माझी चूक. पण तडा माझा नाही, जुना आहे."

ऑस्मोने काळा चष्मा काढला. बराच वेळ पाहत राहिला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

मी चिडलो. म्हटलं, खोटारडा. पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझा राग जागच्या जागी बसला. तो खोटं बोलत नव्हता. त्या तडकण्याने त्याच्या डोक्यातून जे गेलं, त्यात तडकणंही गेलं होतं.

"कुणी केलं हे?" त्याने विचारलं.

अंजनाने मला उजेडाकडे वळवलं. तिने राळेतल्या त्या अंगठ्याकडे बोट दाखवलं. ऑस्मोने आपला अंगठा त्यावर ठेवला. बरोबर बसला. त्याने तो उचलला, परत ठेवला. मग कठड्यावर दोन्ही हात टेकून तो खाली बर्फाकडे बघत राहिला. इतक्या वेळात श्रावस्ती जवळ आली होती. तिला तो म्हणाला, "मी तुला हा द्यायला नको होता. सॉरी." पोर तोंड फिरवून उभी राहिली. पिशवीकडेही बघेना.

शुक्रवारी ती मैदानावरचा साधा पांढरा मुखवटा घालून उतरली. जाड, बेढब, पण आतून-बाहेरून धड. फोटोग्राफरने दोन फोटो काढले आणि चहाला गेला. मी अंजनाच्या मांडीवर, पिशवीतून डोकं बाहेर. आमचे दोन गोल, त्यांचे दोन, आणि शेवटची सहा मिनिटं. दुबईच्या एका दांडग्या पोराने पक हाणला तो श्रावस्तीच्या मुखवट्यावर, डाव्या बाजूला. पांढरा मुखवटा तडकला नाही. ती पडली आणि लगेच उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण उठल्यावर ती उलट्या बाजूला तोंड करून उभी राहिली होती, गोलाच्या जाळीकडे. ते दोघांनीच पाहिलं, अंजनाने आणि ऑस्मोने.

ऑस्मो साध्या बुटांनी बर्फावर चालत गेला.

"आय ॲम फाइन, कोच."

"मीही असंच म्हणालो असणार," तो म्हणाला आणि तिचा हात धरला. "खलास."

"कोच, सहा मिनिटं राहिलीत," सदानंद कठड्यावरून म्हणाले. "ती उभी आहे ना. पोरगी शूर आहे हो."

यावर उत्तर दिलं विश्वजीतांनी. ते मागच्या खोलीतून बाहेर आले होते. "माझी पोरगी हाय, सदानंद," ते म्हणाले. साहेब नाही, राव नाही. "बाहेर येऊन रायली ते."

गोलात दुसरं पोर उभं केलं. आम्ही पाच-दोन हरलो. श्रावस्तीला तसंच गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं, ऑस्मोही बरोबर आला. तिथली मराठी डॉक्टर म्हणाली, मेंदूला धक्का बसलाय, हलका आहे, महिनाभर खेळ बंद. आणखी एक तसाच बसला असता तर हलका म्हणता आलं नसतं.

"आन् आता यायलेबी तपासा," अंजनाने ऑस्मोकडे बोट दाखवलं. तो उठून जायला निघाला होता. तिने खुर्ची पुढे केली तेव्हा बसला. एकोणचाळीस वर्षांच्या त्या माणसाला गुण फलकावरून न वाचता सांगायला लावणारं कुणीतरी शेवटी भेटलं. त्याचे उपचार चालू आहेत. काही परत येईल, काही येणार नाही, असं डॉक्टर म्हणते. श्रावस्ती महिन्याने परत गोलात उभी राहिली, त्याच बेढब मुखवट्यात. पहिले आठ दिवस तिने आईशी अबोला धरला होता. मग एक दिवस विचारलं, "आई, तुला कसं कळलं मी राँग साइडला बघत होते?" अंजना म्हणाली, "मी दुसरं काई पाहतच नव्हती."

माझं म्हणाल, तर ऑस्मो आणि विश्वजीत मला तुबली नावाच्या भागात, विश्वजीतांच्या ओळखीच्या गनीभाईंच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. गनीभाईंनी करवत लावली आणि माझे दोन तुकडे केले, बरोबर मधोमध, म्हणजे परत कुणी घालायला नको. उजवा तुकडा कचऱ्यात गेला. डावा मैदानाच्या भिंतीवर आहे, आतली बाजू बाहेर करून. रानाचं चित्र भिंतीकडे आणि तडा मुलांकडे. दुखलं का? नाही. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खरं तेच दाखवतोय.

माझ्यासारखे जुने लोक शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, पुसा, तेलपाणी करा. मी ते मागत नाही. फुटकी वस्तू कितीही मोठ्या माणसाने दिली तरी घालू नका. आणि डोक्याला लागलं तर त्याच दिवशी सांगा, गुण कितीही असोत. तुम्हाला शूर म्हणणारे सामना संपला की आपापल्या घरी जेवायला जातात. ओकताना तुमची पाठ चोळायला त्यातला एकही येत नाही.