दादाच्या लाकडाची होडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी स्पीडबोट आहे, रिमोटवर चालणारी. मला बांधायला घेतले त्या सकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशाचे दोन कागद, एक सपाट फळी, आठ आडव्या फासळ्या, सहा लांब पट्ट्या, पातळ प्लायवूडचे चार तुकडे, गोंदाची एक बाटली आणि चौसष्ट टाचण्या होत्या. मोटर, बॅटरी आणि सुकाणू अजून खोक्यातच होते. टेबलापाशी एक बाई उभी होती. तिने त्याआधी लाकडाचे काहीही बनवलेले नव्हते.

ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. घरात सगळे तिला गोळी म्हणतात, मी मात्र ताईच म्हणेन. फासळ्या आणि पट्ट्यांचे लाकूड तिच्या थोरल्या भावाने दिले होते. दादा सुतार. "सावलीत वाळवलेलं आहे, बिनघोर वापर," तो म्हणाला होता. मग हसून, "अडलं तर हाक मार. पण तू कसली हाक मारतेस!"

तिने हाक मारली नाही. नकाशा तिने औषधाच्या चिठ्ठीसारखा वाचला, दोनदा. फासळ्या फळीवर उलट्या उभ्या केल्या, टाचण्यांनी बसवल्या, पट्ट्या चिकटवल्या. अकराव्या दिवशी डाव्या बाजूचे प्लायवूड वाकवून गोंदाने बसवले. नकाशाच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिले होते: दोन्ही बाजू चिकटून वाळल्याशिवाय होडी फळीवरून उचलू नये.

तिने उचलली. मी पहिल्यांदाच होडीसारखी दिसू लागले होते, आणि ते दाखवायला कोणीतरी हवे होते. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे तिने मला नेले. तिथे दोन तास माझे कौतुक झाले. मीही फुलून गेले. त्या दोन तासांत वाकवलेले प्लायवूड मला एकाच बाजूने ओढत होते, आणि उलट ओढायला दुसरी बाजू नव्हतीच. परत फळीवर ठेवले तेव्हा मी पूर्वीसारखी बसेना. ताईने मला मागून, एक डोळा मिटून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग उजवी बाजूही तशीच चिकटवून टाकली.

मित्रांनो, तेव्हा गोंद अजून कच्चा होता. ब्लेडने सोडवून, पुन्हा फळीवर बसवून मला सरळ करता आले असते. त्याऐवजी मला खाचा बुजवायची लांबी भरली, घासले आणि लाल रंगाचे पाच हात दिले. मी फार सुंदर दिसत होते. ते सांगतानाही मला लाज वाटते.

बागेतल्या तळ्यावर रविवारी होड्यांचे मंडळ जमते. तिथे नव्याने येणाऱ्या बारा जणांसाठी फासळ्या आणि पट्ट्या कापून देण्याचे काम दादालाच द्यायचे, असे जवळजवळ ठरले होते. माझ्यात त्याचे लाकूड होते, म्हणून तर सगळे मला पाहायला आले होते. दादाही इस्त्रीचा शर्ट घालून काठावर उभा होता.

ताईने वेग वाढवला. मी सरळ जायला हवे होते. नाक उचलताच मी डावीकडे कलले आणि वळत वळत कमळांत शिरले. ताईने सुकाणू उजवीकडे बांधून पाहिले. मग मी हळू जाताना उजवीकडे आणि वेगात डावीकडे जाऊ लागले.

"ताई, होडी आहे का भिंगरी?" घड्याळवाले काका म्हणाले. ते घड्याळे दुरुस्त करायचे आणि मंडळाच्या शर्यतींची वेळ लावायचे. सगळे हसले.

ताईचा चेहरा माझ्या रंगाचा झाला. "लाकूडच ओलं होतं बहुतेक," ती म्हणाली. "वाळताना पिळलं असणार."

हसणे थांबले. सगळ्यांनी दादाकडे पाहिले. दादाने आधी माझ्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे.

"असेल," तो म्हणाला. "ढिगाच्या खालच्या थरातली फळी आली असेल. माझंच लक्ष नसेल."

मी ओठ नसलेली वस्तू. पण त्या दिवशी मला कळले की न बोलताही खोटी साक्ष देता येते. माझा वाकडेपणा दादाविरुद्ध बोलत होता, आणि सगळ्यांना तो पटत होता. बारा होड्यांच्या कामाबद्दल मंडळाचे सचिव म्हणाले, "कळवतो." त्यांनी कळवले नाही.

मी कपाटावर गेले. पाच आठवडे माझ्यावर धूळ बसली, आणि मला ती कमीच वाटली.

मग एका दुपारी दादा आला. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला लाकडाचा तुकडा होता. "गोळे, तुझा औषधं तोलायचा काटा आण ना. ज्या फळीतून तुला दिलं, तिचाच आहे हा. किती ओला आहे ते बघायचंय."

"कशाला दादा? झालं ते झालं."

"तुझं झालं गं. मी त्या थरातलं लाकूड बारा जणांसाठी काढून ठेवलंय. उद्या बोलावलं त्यांनी, आणि सगळ्यांच्याच होड्या अशा निघाल्या तर? आणि लोकांची दारं-खिडक्या करतो मी त्यातूनच. मला कळायला नको?"

ताईने तुकडा तोलला. ओव्हनमध्ये ठेवला, दर तासाने काढून पुन्हा तोलला, वजन उतरायचे थांबेपर्यंत. संध्याकाळी तिने कागदावर भागाकार केला. तो तिने दोनदा केला.

"आठ टक्के पाणी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे कोरडं. अगदी हवं तसं."

दादाने हुश्श केले. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. "मग ही पिळली कशानं?"

कपाटावरून मला ताईचा फक्त भांग दिसत होता. तो खाली गेला.

"मी उचलली. एकच बाजू लावून झाली होती. नकाशात उचलू नका असं लिहिलं होतं. मी डॉक्टरीणबाईंना दाखवायला नेली."

"आणि तळ्यावर बोललीस तेव्हा हे माहीत होतं तुला?"

"हो."

दादाने तुकडा पुन्हा कागदात गुंडाळला. सावकाश, चारही कडा दुमडून. "मला एकट्याला सांगून काय उपयोग, गोळे? तळ्यावर तर त्या सगळ्यांनी ऐकलं होतं."

मित्रांनो, मला जपा, रंगवा, पाण्यातून काढल्यावर पुसा, असे मी म्हणू शकले असते. पण मला एवढेच मागायचे आहे: हातून चूक झाली, तर गोंद ओला असतानाच सांगा.

रविवारी ताईने मला बगलेत धरून तळ्यावर नेले. मोटर, बॅटरी काहीच घेतले नाही. बाकावर ठेवून तिने माझ्यावर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवल्या, एक पुढे, एक मागे. होडी सरळ असेल तर मागून पाहताना दोन्ही पट्ट्या एका रेषेत दिसतात. दादा पायऱ्यांवर थांबला होता, जवळ आला नाही.

"लाकूड कोरडं होतं," ताई म्हणाली. मग तिने ते पुन्हा, मोठ्याने म्हटले. "मी तोलून पाहिलंय. होडी मी वाकवली, आणि नाव दादाचं घेतलं."

"नाचता येईना, अंगण वाकडं," काका पुटपुटले. या वेळी कोणी हसले नाही.

"बरोबर आहे, काका. आता मोजा."

काकांनी एक डोळा मिटला. दोन्ही पट्ट्यांच्या टोकांत किती फरक पडतो ते पाहायला तिथे स्टीलची मोजपट्टी उभी धरली, चष्मा वर सरकवला, आणि पायऱ्यांपर्यंत ऐकू जाईल असे वाचले.

"नऊ मिलिमीटर."