अक्कलदाढ आलेलं पिल्लू

“पिल्लाला अक्कलदाढ?” तपासणीला आलेल्या मॅडमनी जबडा खिडकीकडे धरून विचारलं.

विभागप्रमुख सर चष्मा पुसायला लागले. उत्तर येत नसलं की ते चष्मा पुसतात. त्यामुळे अख्ख्या कॉलेजात त्यांच्या चष्म्याइतकी स्वच्छ काच दुसरी नाही. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “आमच्या बाई हाडं धुतात ना, त्यांचाच घोळ. दुसऱ्या कुणाचा तरी जबडा या सांगाड्याला लावला असणार.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी गप्प राहिले. सरांसमोर गप्प राहायची मला अठ्ठावीस वर्षांची सवय होती.

प्राणिशास्त्राच्या या संग्रहालयात मी मदतनीस आहे. मेलेला प्राणी आला की सोलायचा, कोमट पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजत घालायचा, मांस सुटलं की हाडं घासून वाळवायची. बोटांची हाडं तांदळाएवढी असतात, ती मोरीत वाहून जाऊ नयेत म्हणून मी हातपाय नायलॉनच्या जुन्या मोज्यांत बांधून भिजवते. वाळलं की प्रत्येक हाडावर काळ्या शाईने नंबर घालते. या अठ्ठावीस वर्षांत एकाचं हाड दुसऱ्याच्या खोक्यात गेलेलं नाही. नाव काढण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.

दोनशे बारा नंबरचा हा प्राणी एकोणीस वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या सर्कशीतून आला. त्याला शेपूट नव्हतं. सरांना माकडांविषयी जे एकच वाक्य पाठ होतं ते त्यांनी लगेच म्हटलं, “माकडाला शेपूट असतं, एपला नसतं. म्हणजे हा एप!” एप म्हणजे गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण. त्यातल्या त्यात आकाराने जवळचा म्हणून सरांनी त्याला गिबन ठरवलं. गिबन उभा राहिला तर त्याचे हात जमिनीला टेकायला येतात, याचे तर पायांहूनही आखूड. यावर सर म्हणाले, “पिल्लू आहे. हात वाढायचे राहिलेत.”

मी त्याला सोललं तेव्हा शेपटीचे चार मणके हाताला लागले. चौथा मधोमध कापलेला होता आणि त्यावर हाड भरून आलं होतं. सर्कसवाल्यांनी कधीकाळी शेपूट छाटलं असणार. दाढाही वेगळ्या होत्या. खालची पहिली दाढ एपची असली, आपल्यासारखी, तर तिच्यावर पाच उंचवटे असतात. याच्या दाढेवर चारच, समोरासमोर, दोन कडांनी जोडलेले. ती माकडाची खूण. आणि अगदी मागे अक्कलदाढ, झिजलेली. म्हणजे पिल्लू कसलं, चांगलं म्हातारं माकड होतं ते.

मी सांगायला गेले. सर म्हणाले, “बाई, तुम्ही हाडं धुवा.”

सरांनी त्याचा फोटो आपल्या पुस्तकात छापला, खाली ‘गिबनचे पिल्लू’ असं लिहून. त्या पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. मी रोज त्या कपाटाची काच पुसायची, सरांचं पाठांतर ऐकायची आणि मनातल्या मनात हसायची. खरं सांगते, मला त्यात मजा यायची. एवढ्या मोठ्या माणसाला अक्कल नाही हे फक्त मला ठाऊक होतं, आणि त्या आनंदावर मी वर्षं काढली.

मॅडम दुसऱ्या दिवशी पुन्हा येणार होत्या. त्या गेल्यावर सरांनी मला चक्क खुर्ची दिली. समोर टाइप केलेला कागद ठेवला. धुताना माझ्या हातून जबडे बदलले गेले, असं मी कबूल करते, वगैरे.

“सही करा. दोन महिन्यांनी तुम्ही रिटायर होताय. उगाच चौकशी लागायला नको. तुमचा फोटो लावू ना आपण भिंतीवर, माझ्या शेजारी.”

“उद्या देते,” मी म्हटलं. सरांच्या शेजारी लटकण्यापेक्षा मी दोनशे बारा नंबरच्या शेजारी राहीन, हे काही त्यांना सांगितलं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शिंपी आहे, म्हणजे होता.

“कर की सही. कोण वाचतंय?” तो म्हणाला. “मी नाही गिऱ्हाइकाच्या चुका माझ्या अंगावर घेतल्या? तेच जाडे व्हायचे आणि म्हणायचे, माप चुकलं.”

“म्हणून तर तुमचं दुकान बसलं.”

तो उठून आत गेला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

सकाळी मॅडमच्या टेबलावर मी दोनशे बाराची कवटी, जबडा आणि आजवर खोक्यातच राहिलेले शेपटीचे चार मणके मांडले. प्रत्येकावर माझ्या हातचा नंबर होता. जबडा कवटीच्या खोबणीत बसवून दाखवला. तो डबीच्या झाकणासारखा बसला. “मी काही बदललेलं नाही,” मी म्हटलं, “आणि या कागदावर मी सही करणार नाही. हे माकड आहे.”

सर म्हणाले, “नंबर काय, मागाहूनही घालता येतो!” पण आवाजात जोर नव्हता. मॅडमनी कापलेला मणका नुसता त्यांच्यापुढे सरकवला. सरांना तेवढ्यात कुठलीशी मीटिंग आठवली.

मला वाटलं, जिंकले. मॅडम आता शाबासकी देतील, म्हणून मी उभी राहिले.

“तुम्हाला हे कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“सोललं त्याच दिवशी.”

“त्याच दिवशी.” त्यांनी जबडा हातात घेतला. “मी इथंच शिकले, बाई. तोंडी परीक्षेत मला हाच दिला होता. मी दाढ बघून माकड म्हटलं. सर हसले, म्हणाले, शेपूट दाखव, पास करतो. माझं वर्ष गेलं. तुम्ही शेजारी ट्रे धरून उभ्या होतात. मी तुमच्याकडे बघितलं होतं.”

मला ती मुलगी आठवेना. दरवर्षी कुणीतरी बघायचं. मी ट्रेकडे बघत असे आणि आत हसत असे, सरांना.

“सर मला शिपाई समजायचे, मॅडम,” मी म्हटलं. “एकदा सांगितलं होतं मी.”

“त्यांना सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “मी तर तुम्हाला शिपाई समजत नव्हते. नुसती बघत होते.”

त्यांनी अहवालात काय ते लिहिलं, सही केली आणि जबडा माझ्या हातात दिला. “योग्य कपाटात ठेवा.” रागावून नाही, कामाचं सांगावं तसं म्हणाल्या. मग पर्स उचलून निघून गेल्या.

मी एपच्या कपाटातून सांगाडा काढला. त्याला वजन असं नव्हतंच. माकडांचं कपाट समोरच्या भिंतीला आहे, बारा पावलांवर. तिथे जागा केली, सांगाडा उभा केला, कवटी, जबडा आणि शेपटीचे मणके लावले आणि नवी चिठ्ठी लिहून खाली ठेवली. मग ट्रे धरायचे तशी दोन्ही हात पुढे करून उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, “सर, हिचं बरोबर आहे.”

खोलीत कुणीच नव्हतं.