गळू नये म्हणून काढलेला सेल

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे आता दुकानात मिळत नाहीत, तेव्हा तुम्ही मला ओळखले नाही तर मी रागावणार नाही. मी एक जुना एमपीथ्री प्लेयर आहे. अंगठ्याएवढा, निळा, गळ्यात अडकवायला काळी दोरी असलेला. पुण्यातल्या एका कपाटाच्या खणात मी पडून असतो. मला गाता येते, बोलताही येते, पण स्वतःहून नाही. कोणीतरी सेल घालावा, बटण दाबावे, तेव्हा कुठे माझे तोंड उघडते. तोवर पोटातले पोटातच राहते.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथले मला काही आठवत नाही. मी डोळे उघडले ते उज्जैनला, फ्रीगंजमधल्या अनिलभैयांच्या दुकानात, काचेच्या कपाटात. सिंहस्थाची गर्दी नुकतीच ओसरली होती. कॅसेटी मागच्या फळीवर जाऊन बसल्या होत्या आणि पुढे मोबाइलची रंगीत कव्हरे लटकत होती. लाईट मात्र जुन्या वळणाची होती. आली काय, गेली काय, तिला कोणी विचारायचे नाही. ती गेली की अनिलभैया पुटपुटत जनरेटर सुरू करायचे.

माझ्या शेजारी एक चंदेरी प्लेयर होता. सडपातळ, दिवा लागणारा. त्याला सेल लागत नसे, वायर लावून चार्ज करायचे. येणारे प्रत्येक पोर काचेला नाक लावून त्यालाच बघायचे आणि मला बघून म्हणायचे, "ये डिब्बा क्या है?" मी मनातल्या मनात जळायचो. खोटे कशाला बोलू?

एके दिवशी प्रभाकरराव दुकानात आले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन. त्यांची एकुलती एक मुलगी जयू नोकरीसाठी पुण्याला निघाली होती. जयूची आई ती शाळेत असतानाच वारली होती, त्यामुळे घरात बापलेक दोघेच. तिला गाण्यांचे वेड, म्हणून प्रभाकररावांना तिच्यासाठी काहीतरी घ्यायचे होते.

त्यांचे ते घेणे म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती! आयुष्यभर रेडिओ आणि टेपरेकॉर्डर हाताळलेला माणूस. त्यांनी चंदेरीला तळहातावर तोलले, मग मला तोलले. माझी पाठ उघडून सेलची जागा पाहिली. बटणे खटखट दाबली. दोरी ओढून पाहिली.

"भैया, इसमें आवाज भी टेप होता है क्या?"

"होता है ना अंकलजी. ये देखो, बटन दबाया. अब बोलो कुछ भी."

प्रभाकररावांनी कॉलर नीट केली, घसा खाकरला आणि लाजून नुसते हसले. तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक आले. त्या गडबडीत माझे बटण बंद करायचे दोघेही विसरले. पुढे दोघांत जे बोलणे झाले ते सगळे मी पोटात घेतले. शेवटी प्रभाकररावांनी चंदेरीला बाजूला सारून मला उचलले. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान!

जयूने सकाळचे पोहे खाता खाता माझा डबा उघडला. क्षणभर तिचा चेहरा उतरला. लगेच ती हसली. "बाबा, एकदम बढिया आहे!" तिने मला गळ्यात अडकवले, एक गाणे लावले, मान डोलावली. प्रभाकरराव इतके खूश झाले, की त्यांनी आणखी पोहे वाढून घेतले आणि त्यावर मूठभर शेव टाकली.

आतल्या खोलीत गेल्यावर तिने मला गळ्यातून काढले. "बाबा पण ना," ती हळूच म्हणाली. "ऑफिसात सगळे हसतील मला." भैरवगढच्या छापाची एक जुनी ओढणी होती. तिच्या घडीत मला सरकवून तिने सगळ्यात खालचा खण लावून घेतला. संध्याकाळी तिची गाडी निघून गेली. मला फार वाईट वाटले. ज्याच्यासाठी निवडले त्यालाच नको असणे, याहून मोठे दुःख आमच्या जातीला नसते.

खणातून मला घर ऐकू यायचे. प्रभाकररावांच्या सपाता, कुकरची शिट्टी, दिवसभर चालू असलेला रेडिओ. बोलणे असे नाहीच. रविवारी संध्याकाळी तेवढा फोन वाजायचा आणि प्रभाकररावांचा आवाज एकदम तरुण व्हायचा.

पावसाळ्यात कपड्यांना वास येऊ लागला, म्हणून डांबराच्या गोळ्या ठेवायला त्यांनी तो खण उघडला. ओढणी उचलली आणि मी त्यांच्या हातात आलो. ते पलंगाच्या कडेला बसले. मला उलटसुलट करून पाहिले. ते मला लावून ऐकतील असे मला वाटले, पण जयूच्या वस्तूला ते तिच्यामागे कशाला हात लावतील?

तेवढ्यात बाहेर फोन वाजला. रविवारच होता. ते मला मुठीत घेऊनच उठले.

"हां, जयू, बोल. जेवलीस?... अच्छा. अगं, तो प्लेयर चालतो ना बरोबर?"

फोनमधला आवाज मला अगदी स्वच्छ ऐकू आला. "हो बाबा! रोज ऐकते. बसमध्ये तर लागतोच मला."

प्रभाकररावांची मूठ माझ्याभोवती घट्ट झाली.

"सेल मिळतो ना तिकडे?"

"मिळतो की. कोपऱ्यावरच दुकान आहे."

"बस, मग काही टेन्शन नाही. तब्येत सांभाळ."

फोन ठेवून ते परत आले. मला बनियनच्या टोकाने पुसले. माझी पाठ उघडून सेल बाहेर काढला. वर्तमानपत्राचा तुकडा फाडून त्यात तो गुंडाळला आणि मला मी होतो तसे, ओढणीच्या त्याच घडीत, दोरी बाहेर दिसणार नाही असे, ठेवून दिले. पुडी माझ्या कुशीला ठेवली. त्यानंतर फोनवर त्यांनी माझी चौकशी कधीच केली नाही. लेकीला पुन्हा खोटे बोलावे लागू नये, एवढीच त्यांची इच्छा असणार. रविवारचे बोलणे मात्र त्यानंतर लवकर संपू लागले.

दिवाळीला जयू आली. आल्या आल्या ती थेट खणाकडे धावली. मला गळ्यात घालून बाबांसमोर मिरवायचे आणि वेळ मारून न्यायची, असा तिचा बेत होता. ओढणी तशीच होती. मी तसाच होतो. शेजारी पुडी होती.

तिने ती उघडली आणि तिचे हात थांबले. त्या घरात टॉर्च असो, घड्याळ असो, वापरात नसलेल्या वस्तूतला सेल काढून वर्तमानपत्रात गुंडाळायचा, ही रीत एकाच माणसाची होती. बाबांना सगळे ठाऊक होते. मला लपवले हे त्यांना कळले होते, ती खोटे बोलली हेही कळले होते, आणि तरी त्यांनी काळजीने सेल काढून ठेवला होता.

तिने सेल माझ्यात बसवला. घाईत भलतेच बटण दाबले गेले. गाण्याच्या ऐवजी तिला फ्रीगंज ऐकू आले. टेंपोचा भोंगा, जनरेटरची घरघर, आणि मग अनिलभैया.

"अंकलजी, बच्चों को तो ये सिल्वर वाला पसंद आता है. वो डिब्बा ले जाओगे तो बेटी नाराज होगी."

"होगी थोडी नाराज, मालूम है मेरे को. लेकिन भैया, पहली बार अकेली रहेगी. नया शहर, कमरे में कोई नहीं. लाईट गई और इसका चार्जिंग खतम, तो क्या चुपचाप बैठी रहेगी? शाम को घर में आवाज नहीं हो तो कैसा लगता है, मैं जानता हूं. उसकी आई गई तब से मैंने रेडिओ बंद नहीं किया. सेल का कैसा है, सेल कहीं भी मिल जाता है. ये ही दे दो."

जयू तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

ती अंगणात आली तेव्हा प्रभाकरराव आकाशकंदिलाची दोरी बांधत होते.

"बाबा, मी खोटं बोलले तुमच्याशी."

त्यांनी गाठ पक्की केली, मग वळून पाहिले. मी तिच्या गळ्यात होतो.

"अगं, सेल आत राहिला की गळतो. मशीन खराब होतं. म्हणून काढला, बाकी काही नाही. उलटा तर नाही ना टाकलास?"

ती हसली, पुन्हा रडली. इअरफोनचे एक बोंडूक तिने त्यांच्या कानात घातले, दुसरे स्वतःच्या. स्वतःचा आवाज ऐकून ते गोंधळले. "हा मी आहे? असा आवाज येतो होय माझा?"

जयूने मला पुण्याला नेले. ऑफिसात पोरे हसली आणि विसरूनही गेली. लाईट तिकडेही जायची. तेव्हा मी तिच्या खोलीत गात असे. तेच माझे खरे दिवस. पुढे फोनमध्येच सगळी गाणी आली आणि मी पुन्हा खणात गेलो. याबद्दल माझी तक्रार नाही, काळ कोणासाठी थांबत नसतो.

मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी एखादी वस्तू निवडून आणली आणि ती आवडली नाही, तर तोंडावर सांगा, भांडा हवे तर. पण लपवू नका. आणि ती का निवडली हे विचारायला विसरू नका. माझ्यासारखा साक्षीदार प्रत्येकाच्या खणात नसतो.

आता उज्जैनच्या त्या घरात फोन उचलायला कोणी नाही. रविवारी संध्याकाळी कधी कधी जयू माझा खण उघडते. सेल घालते, बटण दाबते. टेंपोचा भोंगा वाजतो, जनरेटर घरघरतो, आणि प्रभाकरराव अनिलभैयांना मी कसा चांगला हे पटवून देतात. ते 'ये ही दे दो' म्हणाले की ती मला बंद करते. मग सेल काढून वर्तमानपत्रात गुंडाळते आणि माझ्या कुशीला ठेवते. गळू नये म्हणून.