उधव्यातलं विश्वाचं व्याख्यान

"अहो, आत या! बाहेर उन्हात तुम्हाला काय दिसणार, माझं कपाळ?" महादेव सावे दारातून ओरडला.

कोणी हललं नाही. उधव्याच्या शाळेबाहेर आंब्याखाली साठेक माणसं बसून होती, आणि वर्गात खिडक्यांना काळे कागद चिकटवून, प्रोजेक्टर लावून महादेव एकटाच.

तो डहाणूच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा मदतनीस. बारा वर्षं दर सुट्टीला पदरमोड करून गावोगाव विश्वावर बोलत फिरायचा. घोलवडला लोक चिकूच्या ट्रकची वेळ झाली म्हणून मधेच उठायचे. चिखल्याला निम्मा वेळ शाल-श्रीफळात जायचा. पण आत यायलाच नकार? म्हणजे हद्दच झाली!

"आत छप्पर हाय ना, सर," माणसं जमवून आणणारा लाहू रिक्षावाला म्हणाला. "काल परत हाललं. तीन महिने झाले, समदी तंबूत निजतात."

नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीची जमीन हादरत होती, हे महादेवला काय ठाऊक नव्हतं? त्याच्याही घरची भांडी वाजली होती. पण अर्ध्या तासाचा तर प्रश्न! तणतणत तो बाहेर आला आणि चित्रांशिवायच सुरू झाला. एकशे तीस कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली. त्याचा हादरा प्रवास करत करत २०१५ साली पृथ्वीवर पोचला. केवढा? अणूच्या गाभ्याहूनही बारीक! आणि तो अमेरिकेतल्या यंत्रांनी टिपला!

इथे नेहमी टाळ्या पडायच्या. आज पुढे बसलेली भिकी म्हातारी उठली. छातीशी पंधरा दिवसांचं नातवंड.

"तवढं बारकं हाललेलं पण कळतं?"

"कळतं, आजी!"

"मग आमचं कदी हालंल ते सांग. सून बाळंतीण हाय. तंबूत थंडी, पोर खोकतं. घरात नेऊ का नको?"

"आजी, आजचा विषय आकाशाचा आहे. भूकंपाचा नाही."

"हालण्यावरच तर बोलला ना तू?"

लोक हसले. महादेवचं डोकंच फिरलं. "अहो, झालेलं मोजता येतं! व्हायच्या आधी कोणालाच सांगता येत नाही. अमेरिकेत नाही, मला नाही. नाही माहीत मला!"

म्हातारीवर खेकसलो याची त्याला लाज वाटली.

भिकीला मात्र राग आला नाही. "मग असं सांग ना. दोन साहेब आले, दोघं पण कदी हालंल ते कळवतो बोलून गेले. आमी वाट बघत बसलो." ती सुनेकडे वळली. "बुधी, पोर भायेरच ठेवू. तंबूला आतून गोधड्या लाव."

माणसं पांगली. महादेव धुसफुसत वर्गात जाऊन वायरी गुंडाळू लागला. एवढ्यात भिकी दाराशी आली. उंबरा काही तिने ओलांडला नाही.

"मास्तर, ती दोन आदळली, तवा तिथं कोणी राहत होतं का?"

"म्हणजे?"

"माणसं. पोरंबाळं."

बारा वर्षांत लोकांनी त्याला उडत्या तबकड्या विचारल्या, जगबुडी विचारली, पगारसुद्धा विचारला. हे कोणी विचारलं नव्हतं.

"माहीत नाही, आजी."

"मग विचारून ठेव कोणाला तरी," म्हणत ती पोराला थोपटत निघून गेली.

महादेवने वही काढली. प्रश्न लिहिला, आणि त्याखाली विचारणारीचं नाव आणि गाव लिहिलं.