पाच जणांतला सहावा

मंगळवारी मला ‘द मॅग्नोलिया फाइव्ह’ या आमच्या पाच गायकांच्या ग्रुपमधून काढून टाकलं. मी ठरवलं, तसं काही झालेलंच नाही. म्हणून शुक्रवारी डेट्रॉइटच्या थिएटरात मी आमचा जांभळा सूट घालून मंचावर गेलो. सतरा वर्षं मी खर्जातलं ‘डूम डूम’ म्हणतोय. माझ्या जागी लव्हेल नावाचा नवा गायक माझंच ‘डूम’ म्हणत होता. मी त्याला खेटून उभा राहिलो.

दोन ओळींच्या मध्ये आमचा मुख्य गायक क्लीव्हन पुटपुटला, “अरे बाबा, तुला काढलंय.”

“पत्र आलेलं नाही.”

“चर्चमध्ये तुझ्या आईला सांगितलंय.”

“ती माझ्याशी बोलत नाही.”

तेवढ्यात गिरकी आली. पाच जणांसाठी बसवलेली गिरकी सहा जणांनी घेतली आणि माझ्या धक्क्याने लव्हेल ड्रमवर जाऊन बसला. लोकांना वाटलं, नवीन स्टेप आहे. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मॅनेजरने मला लगेच परत घेतलं, फक्त धक्का मारायला. माइक लव्हेलकडेच.

तरी व्यवस्थापनास नम्र विनंती, की सदर ‘डूम’ अर्जदारास परत करण्यात यावे आणि श्री. लव्हेल यांना ड्रमवरच कायम करण्यात यावे.