नळीवरचा टिळा

ताटातला कापूर जळून विझला, तरी टिळा लागला नव्हता. पाटावर झेंडूच्या फुलांत बंदूक आडवी ठेवली होती. पाटापलीकडे देवीलाल कुंकवाच्या करंड्यात अंगठा बुडवून उभा होता. तांड्यावरची आठदहा माणसं भिंतीच्या कडेने बसली होती. उघड्या फाटकात फुलसिंग उभा होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याचा उजवा हात शेल्याखाली होता आणि त्याने नुकताच मला एक प्रश्न विचारला होता.

"मालक, त्या दिवशी तुमी 'रिकामी' म्हनलं होतं का नाही? येवढंच सांगा. मंग देवीलालनं खुशाल टिळा लावावा."

एकोणीसशे एकसष्टचा दसरा. वडील चैत्रात गेले, परवाना उन्हाळ्यात माझ्या नावावर झाला आणि दोन वर्षं पेटीत निजलेली बंदूक त्या सकाळी पहिल्यांदाच उजेडात आली होती.

वणीकडच्या खाणीवरून एक गोरा साहेब सत्तेचाळीस साली विलायतेला परतला, तेव्हा जाताना ही छऱ्याची बंदूक वडिलांना देऊन गेला. झरीच्या रानाला लागून असलेल्या आमच्या पाचसहा गावांत दुनळ्या होत्या, ठासणीच्या होत्या. पण अशी दुसरी नव्हती. तिच्या चापाभोवती लोखंडाची एक मोठी कडी होती. तांड्यावरचे तिला लगाम म्हणत. लगाम खाली ओढला की आतलं काडतूस टुणकन बाहेर उडे; वर घेतला की नळीखालच्या कोठीतलं दुसरं सरकून त्याच्या जागी बसे, आणि घोडाही चढे. तिच्यात रिकामं होणं आणि भरणं एकाच हालचालीत घडत असे. हे वाक्य मी कॉलेजात असताना वहीत लिहून ठेवलं होतं. मला ते सुंदर वाटलं होतं. त्याचा अर्थ हाताला कळायचा होता.

वडील लगाम ओढत राहात, काहीच पडेनासं होईपर्यंत. मग आत करंगळी घालून पाहात. आणि मगच तो शब्द उच्चारीत.

तो शब्द आमच्या रानातल्या रीतीचा होता. हाक्यात जनावर पडलं की टिळा लागेपर्यंत रान उठवणाऱ्या हाकेकऱ्यांनी लांबच थांबायचं. जनावराजवळ दोघंच जात: बंदूक धरणारा आणि टिळा लावणारा. धरणारा बंदूक मोकळी करून म्हणे, "रिकामी." ते ऐकल्यावर टिळा लावणारा जनावराच्या रक्तात अंगठा बुडवून नळीच्या तोंडावर टेकवी. शब्दाआधी हात उचलणं हा मोठा दोष. ज्याचा हात उतावळा, त्याच्या घरात टिळ्याचा मान राहात नसे. फुलसिंगच्या घरी तो आज्यापासून चालत आला होता.

पौषातली ती सकाळ मला अजून गवताच्या वासासकट आठवते. मी अमरावतीहून बी.ए. होऊन आलो होतो. जवारीत डुकरं शिरत होती, आणि वडिलांनी पहिल्यांदाच बंदूक माझ्या हाती दिली होती.

"मालक, डुकराले पुस्तक नोका वाचून दाखवू जी," फुलसिंग वाटेत म्हणाला, "उभ्या उभ्या झोपी जाईन ते."

"झोपलेलं मारायला सोपं."

"हे बराबर बोलले. येवढं शिकून एक तं कामाचं बोलले!"

हाकेकरी हसले. मीही हसलो, पण मनात कुठेतरी सलत राहिलं. आणि एकाच बारात सुळ्याचं डुक्कर नाल्यात कोसळलं, तेव्हा ते सलणं अंगभर गर्व होऊन पसरलं. आम्ही दोघं खाली उतरलो. वडील काठावर लोकांना थोपवून उभे होते. मी लगाम एकदा खाली ओढला. झाडलेलं काडतूस उडून वाळूत पडलं. लगाम मी वर घेतला. वसतिगृहातल्या मित्राच्या दुनळीतून एकदा काडतुसं निघाली की ती नुसती नळी उरे. माझ्या हातांना तेवढंच शिक्षण होतं. करंगळी मी घातली नाही.

"रिकामी," मी म्हणालो. शब्द हळूच निघाला. काठापर्यंत पोचला नसेल.

फुलसिंग वाकला. त्याने जखमेत अंगठा बुडवला, उठला, आणि दोन बोटांनी नळीचं तोंड धरून अंगठा वर आणला. तेवढ्यात मी चाप ओढला. का, तर रिकाम्या घोड्याचा तो 'टक' असा कोरडा आवाज मला ऐकायचा होता. शिकारी माणसं जशी बेफिकीर चाप उतरवतात तसा तो आपणही उतरवला आहे, हे या माणसाने पाहावं म्हणून. पण लगाम वर घेताना दुसरं काडतूस आत बसलं होतं.

वाळूत जे पडलं होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. एकदा केलं होतं, वहीत, उपमांसकट. ती पानं मी फाडली. पण ती मी लिहिली होती हे काही फाडता आलं नाही.

गाडीत फुलसिंग बेशुद्ध होता. मी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी बैलांवरची नजर काढली नाही.

"तू चूप राह्य," ते म्हणाले. "मी पाह्यतो काय करायचं ते."

यवतमाळच्या दवाखान्यात हवालदार आला तेव्हा वडील बोलले: रक्त पाहून फुलसिंगला घाई झाली, शब्दाआधीच हात घातला. त्या जबाबाखाली माझी सही आहे. वळणदार, रेघेला धरून केलेली सही. खाटेवर फुलसिंगला शुद्ध आली होती. आम्ही निघालो तेव्हा त्याची बायको रुपीबाई दारापर्यंत आली. हात जोडल्यासारखे करून ती वडिलांना म्हणाली, "हात गेला तं गेला, बाप्पू. नाव काहून नेलं?" वडील गाडीकडे चालू लागले. मी तिच्या पायातल्या कड्यांकडे पाहात राहिलो.

नाव गेलंच. जो माग काढायचा, ज्याला चाळीस कोसांवरून हाक्याची बोलावणी येत, त्याला पुढे कोणी बोलावीना. अंगठा आणि दोन बोटं नव्हती म्हणून नव्हे. माग डोळ्यांनी काढतात. उतावळ्या हाताचा माणूस रानात नको, म्हणून. आणि आता दसऱ्याचा टिळा. तो ज्याच्या अंगठ्याने लागेल त्याच्या घरी मान कायमचा जायचा. देवीलाल फुलसिंगचा चुलतभाऊ, भला माणूस. कुंकवातला त्याचा अंगठा वाळत चालला होता.

"फुलसिंग," मी अखेर म्हणालो, "इकडे गोठ्यात ये. बोलू."

गोठ्यात काळोखी गारवा होता. मी सगळं बोललो. शब्द, लगाम, करंगळी, चाप, सही. दोन वर्षं मी ही वाक्यं घडवली होती आणि ती चांगली उतरली. ती चांगली उतरताहेत हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, याचीही मला लाज वाटली. शेवटी मी त्याच्या पायाशी वाकलो. त्याने पाय मागे घेतले.

"हे मले काहून सांगून राह्यले, मालक?" तो म्हणाला. "म्या होतो ना तथी. शब्द म्याच तं ऐकला."

"मग काय करू?"

"बाहीर बसले त्याइले सांगा. त्याइनं नाही ऐकला."

"कागदावर माझी सही आहे, फुलसिंग. परवाना जाईल. ठाण्यात..."

"जाईन तं जाईन. डुकराइले म्या ढोल वाजवून हाकलतो. डाव्या हातानं वाजवता येते ढोल." तो जरासा हसला. "तुमी शिकेल मानूस. चार शब्द तं हायत, जी. त्या दिवशी एकाच शब्दानं भागलं."

मी परवान्याचं बोलत होतो, पण भीती परवान्याची नव्हती. भिंतीच्या कडेला बसलेल्या त्या आठदहा चेहऱ्यांवर माझं नाव ज्या क्षणी बदलेल, त्या क्षणाची होती. शिकलेला मालक ही पायरी मला फुकट मिळाली होती आणि तिच्यावरून उतरायला पाय धजत नव्हते.

आम्ही अंगणात परतलो. सगळ्यांनी माना वर केल्या. फाटकाबाहेर रुपीबाई येऊन उभी राहिली होती. मी तोंड उघडलं आणि, कसं कोणास ठाऊक, माझा हात बंदुकीकडे गेला. मी ती उचलली. जणू विधी पुढे नेला की प्रश्न मागे पडेल. लगाम खाली, वर. खाली, वर. काहीच पडलं नाही. पाच वेळा ओढला. मग करंगळी आत घातली. लोखंड गार होतं. जे दोन वर्षांपूर्वी करायचं होतं ते सारं मी आज निर्दोष केलं, आणि आवाज चढवून म्हणालो, "रिकामी."

देवीलालने अंगठा उचलला नाही.

तो माझ्याकडे पाहात होता, मग नळीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "मालक," तो पुटपुटला, "अजून एक बार पाहून घ्या ना जी." भिंतीकडून कोणीतरी खाकरलं. माझ्या लक्षात आलं की या लोकांना कोणी काही सांगितलेलं नाही, आणि तरीही माझ्या त्या शब्दापुढे कोणी हात आणायला तयार नाही.

फुलसिंग पुढे आला. त्याने शेला बाजूला सारला. उजव्या हाताची उरलेली दोन बोटं आणि गुळगुळीत, गुलाबी झालेली ती कड उन्हात आली. तो हात त्याने नळीच्या तोंडावर सपाट ठेवला आणि तसाच राहू दिला. माझं बोट चापाजवळ होतं. मी ते घाईने काढून घेतलं. त्याने ते पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"आता म्हनलं ना, तसंच," तो शांतपणे म्हणाला, "तवा बी म्हनलं होतं ना, मालक?"

अंगणात आपट्याच्या पानांची जुडी वाऱ्याने सळसळली. 'होय' एवढाच शब्द हवा होता. जिभेवर त्याला वजनसुद्धा नव्हतं. देवीलाल कुंकवाचा हात खाली घेऊन थांबला. रुपीबाईने फाटकाची दांडी धरली.

फुलसिंगच्या हाताखालून मी नळी हळूच सोडवली, बंदूक झेंडूच्या फुलांत पुन्हा आडवी ठेवली आणि पाठ वळवून ओट्याच्या पायऱ्या चढू लागलो.